हॉस्पिटल शिकवतंय; पण सही कशावर करताय?

बारावीचा निकाल लागला की बुलढाणा जिल्ह्यात एक शब्द फार सैलपणे वापरला जातो, मग गाव घाटावरचं असो की घाटाखालचं. ‘नर्सिंगला टाकलं.’ कुणाची पोरगी चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगला असते, कुणाची दोन वर्षांच्या एएनएमला. आणि कुणी बसस्टँडसमोरच्या दुसऱ्या मजल्यावर सहा महिन्यांचा कसलासा कोर्स करत असतं. तिघींच्या घरी पाहुण्यांना सांगतात तेच : नर्सिंग.

फरक कळतो तो पहिल्या नोकरीच्या दिवशी. किंवा फी भरून झाल्यावर, जे जास्त वाईट.

हा लेख या तिघींपैकी कुणाबद्दल नाही. तो चौथ्या रस्त्याबद्दल आहे. या रस्त्यावर फी तुम्ही भरत नाही, तर नोकरी देणारंच तुम्हाला शिकवतं आणि शिकता शिकता थोडेफार पैसेही देतं. ऐकायला छान वाटतं ना? बऱ्याचदा ते छान असतंही. पण त्यात एक कागद असतो, आणि त्या कागदाकडे आपण येणारच आहोत.

सिस्टर आणि मावशी यांच्या मधली जागा

कुठल्याही वॉर्डात अर्धा तास बसून बघा. डॉक्टर राउंडला येतात आणि जातात. सिस्टर इंजेक्शन देतात, सलाईन लावतात, फाइल लिहितात. आणि एक तिसरं माणूस सतत तिथंच असतं. ते पेशंटला कुशीवर वळवतं, बेडपॅन देतं, चादर बदलतं, स्ट्रेचर ढकलतं, म्हाताऱ्या आजोबांना दोन घास भरवतं. त्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं. बाई असली तर ‘मावशी’, पुरुष असला तर ‘मामा’ नाहीतर ‘वॉर्डबॉय’.

या कामाला आता रीतसर नाव आहे : जनरल ड्युटी असिस्टंट, बोलीत जीडीए. आरोग्य क्षेत्रासाठीच्या सेक्टर स्किल कौन्सिलने त्याचा अभ्यासक्रम ठरवला, आणि २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत तो देशभर शिकवला गेला. अमेरिकेत याच कामाला सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट म्हणतात. नावात ‘नर्सिंग’ आहे म्हणून गोंधळू नका. हा माणूस नर्स नाही. त्याची नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होत नाही आणि इंजेक्शन देणं हे त्याचं काम नाही.

मग शिकायचं काय असतं यात, चादर तर कुणीही बदलेल? नाही बदलणार. पेशंट बेडवर झोपलेला असताना, त्याला न उठवता, एका बाजूला वळवून अर्धी चादर काढून अर्धी घालायची असते, आणि हे करताना हाताची सुई हलता कामा नये. लघवीची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीच्या खाली ठेवायची, नाहीतर लघवी उलटी फिरते आणि जंतुसंसर्ग होतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर माकडहाडावर, टाचांवर जखमा होतात. त्या बऱ्या व्हायला महिने लागतात. मणक्याला मार लागलेल्या माणसाला वळवायचं असेल तर तीन-चार जणांनी एकाच इशाऱ्यावर, ओंडका फिरवावा तसं सरळ फिरवायचं असतं.

कचऱ्याचंही शास्त्र आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे रक्ताने भिजलेलं ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत, वापरलेल्या नळ्या आणि सलाईनचा सेट लाल पिशवीत, सुया न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात आणि काच निळ्यात टाकायची. चुकून सुई लाल पिशवीत गेली, तर ती कचरा उचलणाऱ्या दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात घुसते.

आणि या अभ्यासक्रमात एक धडा असा आहे, ज्याची कल्पना प्रवेश घेताना कुणालाच नसते. माणूस गेल्यावर त्याचं काय करायचं, हा तो धडा. डोळे मिटवणं, नळ्या काढणं, अंग पुसणं, हातपाय सरळ करणं, ओळखपट्टी बांधणं आणि मग नातेवाइकांना आत बोलावणं. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला हे पहिल्यांदा करावं लागतं तेव्हा काय होत असेल, याचा विचार प्रवेशाआधी करायला हवा. कारण हे काम सोडणाऱ्यांना थकवा जेवढा छळतो तेवढंच हेही छळतं, असा माझा तरी समज आहे.

मालक का शिकवेल?

कारण त्याला माणसं हवी असतात. एवढं साधं उत्तर आहे. आणि ही कल्पना नवीन तर अजिबात नाही. नर्सिंग हे मुळात हॉस्पिटलातच, काम करता करता शिकायचं होतं. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाने शाळा निघाली, तेव्हा उमेदवार मुली वॉर्डात राबत आणि तिथंच शिकत. आपल्याकडे रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं. त्या संस्थेने ससून हॉस्पिटलात बायकांना नर्सिंग शिकायला पाठवलं. त्यात विधवा होत्या, घरच्यांचा विरोध पत्करून आलेल्याही होत्या. ज्या काळात परक्या माणसाच्या अंगाला हात लावणं म्हणजे बाटणं होतं, त्या काळातली ही गोष्ट.

अमेरिकेने याचा पुढे कायदाच केला. तिथल्या वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये हेळसांड होते अशी ओरड होती. १९८६ मध्ये त्यावर मोठा अहवाल आला आणि १९८७ मध्ये कायदा. त्यानुसार असिस्टंटला किमान ७५ तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली. काही राज्यांनी तर हे तास दुपटीहून जास्त केले. परीक्षा पास न झालेल्या माणसाला चार महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. आणि आपल्यासाठी महत्त्वाचं ते पुढे आहे : नर्सिंग होमने ज्याला कामावर ठेवलंय किंवा नोकरी देऊ केलीय, त्याच्याकडून प्रशिक्षणाचा किंवा परीक्षेचा एक डॉलरही घ्यायचा नाही. कुणी स्वतःच्या पैशाने शिकून वर्षभराच्या आत तिथं लागला, तर त्याचा खर्च परत मिळण्याची सोयही आहे.

आपल्याकडे असा एक सरळ कायदा नाही. तुकडे आहेत, आणि ते आपणच जोडायचे.

ग्रामीण तरुणांसाठीची दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना २०१४ ची. महाराष्ट्रात ती ‘उमेद’मार्फत चालते, म्हणजे तुमच्या आईच्या बचत गटाचं जे अभियान, तेच. या योजनेत अशी सोय आहे की कंपनी किंवा हॉस्पिटल स्वतःच प्रशिक्षण देईल आणि शिकलेल्यांना स्वतःकडेच नोकरीला ठेवेल. प्रशिक्षणाचा खर्च सरकारचा.

कोरोनात सरकारलाही अचानक कळलं की वॉर्डात माणसं नाहीत. जून २०२१ मध्ये केंद्राने कोविड योद्ध्यांसाठी लहान मुदतीचे अभ्यासक्रम काढले. एक लाखाहून जास्त जणांना तयार करायचं ठरलं, आणि सहा कामांपैकी घरी जाऊन शुश्रूषा करणं हे एक होतं. त्याच वर्षी महाराष्ट्राने महाआरोग्य कौशल्य विकास कार्यक्रम आणला. त्यात हॉस्पिटललाच प्रशिक्षण केंद्र मानलं आणि २० हजार तरुणांचं उद्दिष्ट ठेवलं. साथ ओसरली तशी ती घाईही ओसरली. पण हॉस्पिटल हीच शाळा होऊ शकते, हे त्यानिमित्ताने सरकारी कागदावर आलं.

मग शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप. ही फक्त आयटीआयवाल्यांची असते असं आपल्याला वाटतं. तसं नाही. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे असतात, आणि मोठं हॉस्पिटल ही आस्थापनाच आहे. विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला १५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार भरतं. म्हणजे हॉस्पिटललाही परवडतं.

चौथा तुकडा तुमच्या ओळखीचा असेल, कारण २०२४ मध्ये गावागावांत त्याचे फॉर्म भरले गेले : मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. बारावीला ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८ हजार, पदवीधराला १० हजार रुपये महिना. आधी सहा महिने, मग मुदत अकरा महिन्यांवर नेली. पैसे सरकारचे, काम आस्थापनेचं. मुदत संपल्यावर कायम करा म्हणून राज्यात आंदोलनंही झाली. या योजनेतून हॉस्पिटलात गेलात, तर अनुभव मिळतो. पण जीडीएचं प्रमाणपत्र आपोआप मिळत नाही, ही गोष्ट आधीच समजून घ्या.

‘डॉक्टरांच्या हाताखाली शिकली’

आता जे खरोखर चालतं ते बघू. तालुक्याच्या गावातलं पंधरा-वीस खाटांचं हॉस्पिटल. बारावी झालेली, कधी न झालेलीही, मुलगी तिथं लागते. डॉक्टर, सिस्टर, जुनी मावशी तिला शिकवतात. दोन वर्षांत ती बीपी घेते, ओटीची तयारी करते, बाळंतिणीची काळजी घेते. काम फक्कड शिकते. हेही मालकाने दिलेलं प्रशिक्षणच की! फरक एवढाच, की तिच्या हातात कागद नसतो. ती लग्न होऊन पुण्याला गेली, की तिथल्या हॉस्पिटलात पहिला प्रश्न : सर्टिफिकेट? आणि दोन वर्षांची शिकलेली मुलगी पुन्हा नवशिकी होते.

यावर उपाय आहे, फारसा कुणी सांगत नाही. कौशल्य विकास योजनेत ‘आधीच्या शिक्षणाची मान्यता’ नावाचा प्रकार आहे, इंग्रजी आद्याक्षरांनी आरपीएल. काम येत असलेल्या माणसाची परीक्षा घ्यायची, थोडं मार्गदर्शन करायचं आणि प्रमाणपत्र द्यायचं. या योजनेच्या तुकड्या कायम चालू नसतात, म्हणून बुलढाण्याच्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जाऊन विचारावं लागतं. एकटीने विचारलं तर ‘बघू’ म्हणतील. पाच-दहा जणींची यादी घेऊन गेलात तर गोष्ट वेगळी.

आणि एक वाईट प्रकारही सांगायलाच हवा. या कामासोबत इंजेक्शन, सलाईन, कधी कधी त्याहूनही जास्त काही, हे सगळं नोंदणी नसलेल्या मुलीकडून करून घेतलं जातं. तिला वाटतं, आपल्याला येतं, आपण हुशार. काही बिनसलं की पोलीस विचारतात ते नोंदणीचा नंबर. तेव्हा ‘मला सरांनी सांगितलं होतं’ हे वाक्य फार कामाला येत नाही.

तो कागद

फुकट शिकवलं म्हणजे मालक म्हणणार, मग इतके महिने, इतकी वर्षं माझ्याकडेच काम कर. यात गैर काही नाही. त्याने खर्च केलाय. प्रश्न आहे तो किती आणि कसा.

बाँड बेकायदा असतो, सही केली तरी काही होत नाही, असं कट्ट्यावर छातीठोकपणे सांगणारे मित्र असतात. त्यांचं ऐकू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षं नोकरी किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. नोकरी चालू असतानाचं हे बंधन आहे, ते धंद्यावरची बंदी होत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. पण हेही लक्षात घ्या, तो खटला सरकारी बँकेचा आणि तिच्या अधिकाऱ्याचा होता. सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी दहा-बारा हजारांवर काम करणाऱ्या पोरीला तोच हिशोब लागेल असं नाही. करार कायद्याचं ७४ वं कलम सांगतं की करारात आकडा कितीही लिहिलेला असो, न्यायालय त्या आकड्याच्या मर्यादेत वाजवी भरपाई देतं. ‘एक लाख’ लिहिलं म्हणजे एक लाख द्यावेच लागतात असं नाही.

म्हणून सही करण्याआधी मोकळेपणाने विचारायचं : माझ्यावर नेमका किती खर्च होणार, तो आकडा इथं लिहाल का? आणि मी अर्धी मुदत काम केलं तर रक्कमही अर्धी होईल ना? चांगलं हॉस्पिटल या प्रश्नाने रागावत नाही. जे रागावतं, त्याच्याबद्दल तिथंच काहीतरी कळलं म्हणायचं.

अप्रेंटिस करारात तर मुभा आणखी आहे. शिकून झाल्यावर तुम्ही इथंच काम करायचं अशी अट असेल, तर मालकालाही योग्य नोकरी द्यावीच लागते. मुदत किंवा पगार अवाजवी असेल तर अप्रेंटिसशिप सल्लागार तो बदलू शकतो. अट दोन्ही बाजूंना बांधते.

मूळ मार्कशीट आणि टीसी मात्र देऊच नका. तपासायला दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ कागद परत पिशवीत टाका. ‘आमच्याकडे सुरक्षित राहतील’ या वाक्यावर बऱ्याच मुली अडकतात. पुढच्या वर्षी जीएनएमचा फॉर्म भरायचा असतो आणि मार्कशीट कपाटात कुलूपबंद असते. कोरा चेकही नाही. वय अठरा पूर्ण नसेल तर तुमच्या एकटीच्या सहीच्या कराराला कायद्यात काही अर्थच नाही. तिथं पालक सोबत हवेत.

शिडी आहे, पण मधली पायरी नाही

जीडीए केलं म्हणजे पुढे आपोआप नर्स होता येतं, अशी समजूत क्लासवाले मुद्दाम राहू देतात. जीडीए केल्याने जीएनएमचं एक वर्षही वाचत नाही. एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन वर्षं, दोन्हींना बारावी लागते आणि कोणत्याही शाखेतून जाता येतं. बी.एस्सी. नर्सिंगला मात्र विज्ञान शाखा आणि सीईटी. सगळं पहिल्यापासून करावं लागतं. सरकारी दवाखान्यातल्या गट ड च्या जागांनाही दहावीची अट आणि परीक्षा असते. निव्वळ जीडीएचं प्रमाणपत्र तिथं दार उघडत नाही.

मग उपयोग काय? दोन उपयोग ठळक दिसतात. एक, घरची परिस्थिती अशी असेल की कापूस-सोयाबीनच्या या वर्षाने फी निघणारच नाही, तर वर्ष-दोन वर्षं कमवून, पैसे बाजूला टाकून एएनएम-जीएनएमला जाता येतं. त्याची वयोमर्यादा ३५ आहे. सोबत मुक्त विद्यापीठातून बी.ए. चालू ठेवता येतं, कॉलेज सुटलं असं होत नाही. आणि दुसरा, रक्त पाहून चक्कर येते की नाही, रात्रपाळी झेपते की नाही, हे चार वर्षांची फी भरण्याआधी कळतं. हा दुसरा उपयोग मला पहिल्याहून मोठा वाटतो.

मुलांनीही हे वाचावं. पुरुष पेशंटची शुश्रूषा, अवजड माणसाला उचलणं, अपघात विभाग, यासाठी मुलगे कायम कमी पडतात. समृद्धी महामार्ग आपल्या मेहकर, लोणार, सिंदखेडराजा तालुक्यांतून जातो आणि जुलै २०२३ मधला बसचा अपघात अजून कुणी विसरलेलं नाही. बुलढाण्यात २०२४ मध्ये १०० जागांच्या सरकारी मेडिकल कॉलेजला परवानगी मिळाली. कॉलेज वाढलं की वॉर्ड वाढतात आणि वॉर्डात माणसं लागतात. ती कायम असतील की ठेकेदाराकडची, हा वेगळा विषय. पण आजवर अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर गाठल्याशिवाय पर्याय नसायचा, ते चित्र थोडं तरी बदलेल.

जर्मनीचंही कानावर आलं असेल. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात शुश्रूषेची कामं आहेत. जर्मनीत नर्सिंगचं तीन वर्षांचं शिक्षण नोकरी देणाऱ्याकडेच, पगार घेत होतं. महिन्याला हजार युरोच्या वर. पण आधी जर्मन भाषा लागते, तीही चांगली. आणि त्यासाठी एजंट लाखांत पैसे मागत असेल, तर त्याला एवढंच विचारा : परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी आहे का? नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क घेता येतं ते जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी.

पहिल्या आठवड्यात विचारायच्या गोष्टी

रुजू झालात. आता दोन गोष्टी लाज न बाळगता विचारायच्या, कारण त्या उपकार नाहीत, हक्क आहेत.

पहिली : इथं तक्रार समिती आहे का, आणि तिच्यात कोण आहे? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थी आणि अप्रेंटिस यांनाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती असायलाच हवी. त्याहून लहान दवाखाना असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. रात्रपाळी असेल तर राहायची आणि घरी सोडायची सोय काय, हेही याच वेळी विचारून घ्या. बाबांना फोनवर सांगायला उत्तर तयार राहील.

दुसरी गोष्ट : हेपटायटिस बीची लस. कचऱ्याचे ते २०१६ चे नियम सांगतात की जैववैद्यकीय कचरा हाताळणाऱ्या सगळ्यांना हेपटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं ही हॉस्पिटलची जबाबदारी आहे, आणि रुजू होताना आरोग्य तपासणीही. ‘तुम्ही अजून ट्रेनिंगला आहात, कायम झाल्यावर बघू’ असं उत्तर मिळालं तर हसून पुन्हा विचारा. सुई ट्रेनिंगवालीलाही टोचते. पहिला डोस लगेच, दुसरा महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात. पहिला डोस रुजू झाल्या झाल्या मिळाला, तर सहा महिन्यांचं ट्रेनिंग संपताना तिसराही घेऊन झालेला असतो. तारखा मोबाइलमध्ये टाकून ठेवा, वॉर्डात आठवण करून द्यायला कुणाला वेळ नसतो.